तगबनवा लिपी स्पॅनिशांची देणगी नव्हे

‘फिलिपिन्सला अक्षरं शिकवली ती स्पॅनिश मिशनऱ्यांनी’ असं अजूनही सर्रास सांगितलं जातं. साफ चूक! पलावान बेटावरच्या तगबनवा लोकांची लिपी ब्राह्मीच्या कुळातली, म्हणजे आपल्या देवनागरीची दूरची बहीणच. ‘क’ काढला की त्यात ‘अ’ आलाच. वर खूण केली की ‘कि’, खाली केली की ‘कु’. स्वर ३, व्यंजनं १३. पाय मोडायची सोय मात्र नाही, म्हणून ज्याला पुढे स्वर नाही असं व्यंजन लिहीतच नाहीत. वाचणाऱ्याने ते संदर्भाने ओळखायचं. बांबूवर सुरीच्या टोकाने, खालून वर कोरत जायचं. डोंगरउतारावर भात पिकवणाऱ्या, मासेमारी करणाऱ्या या लोकांना निरक्षर ठरवणं हा सरळ अन्याय आहे. युनेस्कोने १९९९ मध्येच ही लिपी जगातल्या मोलाच्या दस्तऐवजांच्या ‘जागतिक स्मृती’ नोंदवहीत घेतली.