व्याजाचे मुद्दल होते तेव्हा : वैयक्तिक कर्जाच्या नियमांची पार्श्वभूमी

क्रेडिट कार्ड, पर्सनल लोन आणि मोबाइलवर मिळणारे झटपट कर्ज यांविषयी बोलताना चर्चा बहुधा व्याजाच्या टक्क्यांपाशीच थांबते. कायद्याच्या इतिहासात मात्र खरा वाद दराइतकाच दुसऱ्या एका प्रश्नावर झालेला आहे : थकलेले व्याज मुदलात केव्हा मिळवायचे, आणि ते मिळवण्याचा अधिकार कोणाला? माफक दराचे कर्जही व्याज मुदलात शिरू लागले की फुगते, आणि चढ्या दराचे कर्ज तसे होऊ दिले नाही तर आटोक्यात राहते. आजचे बरेचसे नियम आणि त्यांतल्या पळवाटा या प्रश्नाभोवती फिरतात.

हा प्रश्न समजण्यासाठी ‘दामदुप्पट’ या शब्दाचा गुंता सोडवावा लागतो. आज हा शब्द ऐकला की ठेवीदाराला गंडा घालणारी एखादी योजना डोळ्यांपुढे येते. 1988 मध्ये टपाल खात्यातून विकले जाऊ लागलेले, साडेपाच वर्षांत रक्कम दुप्पट करून देणारे सरकारी बचतपत्रही लोकांनी याच शब्दाने ओळखले. मूळ अर्थ जवळजवळ उलटा होता. दामदुप्पट हे धनकोला, म्हणजे कर्ज देणाऱ्याला, दिलेले आश्वासन नव्हते, त्याच्यावर घातलेली मर्यादा होती. रोख रकमेच्या कर्जावर एका वेळी वसूल करायचे व्याज मुदलाहून अधिक असू नये, म्हणजे मुद्दल आणि व्याज मिळून दुपटीपलीकडे जाऊ नये, असा हा स्मृतिग्रंथांतला नियम आहे. धान्य, फळे, लोकर यांसारख्या वस्तूंच्या देण्याघेण्यात ही मर्यादा पाचपटीपर्यंत सैल होती. 1855 मध्ये इंग्रजी अमलाने व्याजदरावरील मर्यादा रद्द केल्या, तरी मुंबई इलाख्यातील न्यायालयांनी मूळ ऋणको (कर्ज घेणारा) हिंदू असल्यास हा नियम लागू असल्याचे मानले आणि तो टिकला.

तथापि ‘एका वेळी’ या दोन शब्दांकडे लोकांचे नेहमी दुर्लक्ष होते. दुप्पट भरून झाले म्हणजे कर्ज फिटले, ही गावोगाव आढळणारी समजूत या नियमातून निघत नाही. वर्षानुवर्षे व्याज वेळच्या वेळी भरणाऱ्या माणसाने मुदलाच्या तिप्पट रक्कम भरली तरी नियमाला बाधा येत नसे, कारण मर्यादा फक्त तुंबलेल्या व्याजाला होती. शिवाय दावा दाखल झाला की त्यापुढील व्याज न्यायालयाच्या विवेकावर सोपवले जाई. सर्वांत मोठी फट आणखी वेगळी होती. दोन्ही पक्षांनी नवा रोखा, म्हणजे कर्जाचा लेखी कागद, लिहून थकलेले व्याज मुदलात धरले, तर ते मुद्दलच ठरे आणि दुपटीची मोजणी नव्या आकड्यापासून सुरू होई.

ही फट रुंद केली ती ऋणकोच्या हितासाठी आणलेल्या एका कायद्याने, हे मुद्दाम सांगितले पाहिजे. 1859 च्या कायद्याने नोंदणी न झालेल्या रोख्यावर दावा लावण्याची मुदत तीन वर्षांवर आणली. जुनी देणी उकरून काढली जाऊ नयेत, हा हेतू. परिणाम असा झाला की मुदत बुडू नये म्हणून सावकार दर तीन वर्षांनी नवा रोखा लिहून घेऊ लागला. शेकडा दरमहा दोन रुपयांनी घेतलेल्या 100 रुपयांवर तीन वर्षांत 72 रुपये व्याज चढते. ते मिळवून 172 रुपयांचा नवा रोखा झाला आणि तोही तसाच राहिला, तर आणखी तीन वर्षांनी देणे 295 रुपयांच्या पुढे जाते. या सहा वर्षांत दामदुप्पटीचा नियम एकदाही मोडलेला नाही. रोखा बदललाच नसता, तर तोच नियम 200 रुपयांवर आडवा आला असता.

12 मे 1875 रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावात बाजाराच्या दिवशी सावकारांविरुद्ध शेतकऱ्यांचा उठाव झाला, आणि पुढे पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत तो पसरला. जमावाचा रोख माणसांपेक्षा कागदांवर अधिक होता. रोखे आणि हुकूमनामे (न्यायालयाचे वसुलीचे आदेश) हिसकावून जाळण्यात आले. शेतसारा, कापसाच्या भावातली घसरण आणि जमिनींची विक्री ही कारणे पाठ्यपुस्तकांत येतात, त्यामुळे ती येथे पुन्हा मांडण्याची गरज नाही. महत्त्वाचा आहे तो त्यानंतरचा 1879 चा कायदा. पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांसाठी आधी लागू झालेल्या या कायद्याने न्यायाधीशाला रोख्याच्या मागे जाऊन पहिल्या व्यवहारापासून हिशेब उलगडण्याचा अधिकार दिला. मुदलाचे आणि व्याजाचे खाते वेगळे मांडायचे आणि मध्येच मुदलात घातलेले व्याज त्यातून काढून टाकायचे, असे त्यात स्पष्ट होते. माझ्या मते ऋणकोच्या बाजूने केलेल्या कायद्यांत इतका नेमका घाव दुसरा कोणी घातलेला नाही. सावकाराने कर्जाच्या रोख्याऐवजी जमिनीचे विक्रीखत लिहून घ्यायला सुरुवात केली, ही त्याची दुसरी बाजू.

पुढे मुंबई प्रांताच्या 1946 च्या सावकारी कायद्याने मुदलाहून अधिक व्याजाचा हुकूमनामा देण्यास न्यायालयांना मनाई केली, आणि महाराष्ट्राच्या 2014 च्या कायद्याने तोच धागा पुढे नेला. परवानाधारक सावकाराला चक्रवाढ व्याज लावता येत नाही, आणि मुदलाहून जास्त व्याज वसूल करता येत नाही. शेतकऱ्याला तारणावर 9 व विनातारण 12 टक्के, इतरांना अनुक्रमे 15 व 18 टक्के असे दरही त्याखाली ठरवून दिलेले आहेत.

बँका या चौकटीच्या बाहेर आहेत. 1984 मध्ये बँकिंगविषयक कायद्यात घातलेल्या एका कलमाने, व्याज अवाजवी आहे एवढ्या कारणावरून बँकेचा व्यवहार न्यायालयाला पुन्हा उघडता येणार नाही, असे ठरवले. 1879 मध्ये दिलेला अधिकार मोठ्या धनकोंच्या बाबतीत असा बंद झाला. त्या काळी क्रेडिट कार्ड फारच थोड्यांच्या खिशात होते, त्यामुळे या कलमाचा परिणाम घरगुती कर्जावर काय होईल, याची फारशी चर्चा झाली नाही.

ती चर्चा 2008 मध्ये झाली. राष्ट्रीय पातळीवरील ग्राहक न्यायपीठाने कार्डाच्या थकबाकीवर वार्षिक 30 टक्क्यांहून अधिक व्याज घेणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरवली. 16 वर्षांनी, 20 डिसेंबर 2024 रोजी, सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. दर ठरवणे हे मध्यवर्ती बँकेचे, म्हणजे रिझर्व्ह बँकेचे, क्षेत्र आहे आणि अटींची कल्पना ग्राहकाला दिलेली असते, असा त्यामागचा सूर होता. कायद्याच्या दृष्टीने हे सुसंगत असेलही. पण कार्डाचे मासिक बिल हातात घेऊन बसलेल्या माणसाला त्या अटी कितपत कळतात, हा प्रश्न त्याने सुटत नाही.

ते बिल जवळून पाहण्यासारखे असते. बाकी 40,000 रुपये, दर महिन्याला साडेतीन टक्के (म्हणजे सावकाराच्या भाषेत शेकडा साडेतीन) आणि ‘किमान देय रक्कम’ पाच टक्के, म्हणजे 2,000 रुपये, असे धरू. महिन्याचे व्याज 1,400 रुपये, त्यावर 18 टक्के जीएसटी 252 रुपये. भरलेल्या 2,000 रुपयांतून मुद्दल कमी झाले 348 रुपयांनी. त्यातच बाकी राहिल्याने बिनव्याजी मुदत संपते आणि नव्या खरेदीवर पहिल्या दिवसापासून व्याज चढू लागते. भरलेल्या पैशांतून व्याजही फिटू नये आणि बाकी उलट वाढत जावी, असे घडू नये यासाठी किमान रक्कम ठरवताना काळजी घेण्याचे बंधन मध्यवर्ती बँकेने 2022 च्या निर्देशांत घातले. न भरलेले शुल्क आणि कर व्याजासाठी मुदलात मिळवण्यासही त्यात मनाई आहे. नवा रोखा लिहिण्याचा जुना प्रश्न तिथे वेगळ्या शब्दांत परत आला.

त्याआधी करोनाकाळात तो सर्वांच्या घरात आला होता. 1 मार्च ते 31 ऑगस्ट 2020 या सहा महिन्यांचे हप्ते पुढे ढकलण्याची मुभा मिळाली, पण व्याज चालू राहिले. हप्ता थांबला म्हणजे व्याजही थांबले, असे समजलेल्यांना कर्जाची मुदत वाढलेली पाहून धक्का बसला. सरकारने ऑक्टोबरमध्ये दोन कोटींपर्यंतच्या कर्जांसाठी चक्रवाढ आणि सरळ व्याजातला फरक सोसला. 23 मार्च 2021 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने संपूर्ण व्याजमाफी नाकारली, परंतु त्या काळातील व्याजावरचे व्याज रकमेची मर्यादा न ठेवता कोणाकडूनही घेता येणार नाही, असे सांगितले. घेतलेले असल्यास ते पुढील हप्त्यात वळते करायचे होते.

मध्यवर्ती बँकेने ऑगस्ट 2023 मध्ये दंडव्याजाची पद्धत मोडून त्याजागी दंडशुल्क आणले आणि ते मुदलात मिळवून त्यावर व्याज लावण्यास बंदी केली. 1 ऑक्टोबर 2024 पासून कर्ज देताना सर्व खर्चांसह वार्षिक दर ठरावीक नमुन्यात मांडून देणे बंधनकारक झाले. या दोन्ही नियमांतून क्रेडिट कार्डे वगळलेली आहेत.