इंग्रजी कवितेचा अर्थ गाईडमध्ये नसतो

कोल्हापुरात अकरावी-बारावीच्या मुलांना कुणीतरी हमखास सांगतं, "इंग्रजीच्या तासाला काय असतंय? सर भाषांतर करून देतात, गाईड पाठ केलं की झालं." हा समज चुकीचा आहे. बारावीच्या लेखी परीक्षेत कवितेचं रसग्रहण विचारतात, त्यात स्वतःचं मत लागतं.

बारावीच्याच पुस्तकातली सरोजिनी नायडूंची 'इंडियन वीव्हर्स' घ्या. अवघ्या बारा ओळी. विणकर पहाटे बाळासाठी निळं वस्त्र विणतात, सांजवेळी नवरीची जांभळी-हिरवी ओढणी आणि थंड चांदण्यात पांढरं कफन. शब्दार्थांना पाच मिनिटं पुरतात. खरा तास त्यापुढे सुरू होतो. पहाट, सांज, रात्र हाच क्रम का? रंग का बदलले? प्रत्येक कडव्यात आधी प्रश्न, मग उत्तर, असं का? ज्याच्या घराशेजारी यंत्रमाग खडखडतो, त्या इचलकरंजीच्या पोराकडे इथे सांगण्यासारखं खूप असतं, आणि ते मोडक्या इंग्रजीतही सांगता येतं. फक्त मत मांडलं की ते कोणत्या ओळीवरून, हे दाखवावं लागतं. म्हणून तासाला येण्याआधी कविता दोनदा मोठ्यानं वाचा आणि अडलेल्या ओळीखाली पेन्सिलीनं रेघ मारून आणा.