हप्तासवलत, थकबाकी आणि पतनोंद (ग्रामीण विदर्भ)

गहाण कर्जाचा हप्ता काही काळ न भरण्याची बँकेने दिलेली परवानगी म्हणजे हप्तासवलत. परवानगीशिवाय राहून गेलेला हप्ता म्हणजे थकबाकी. दोन्ही वेळा त्या महिन्यात कर्जदाराच्या खिशातून पैसे जात नाहीत, पण पतनोंदीत, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदवलेल्या इतिहासात, या दोन गोष्टी अगदी वेगळ्या उतरतात. सवलत मुदतीआधी आणि लेखी मिळाली असेल, तर देय तारीखच पुढे सरकते आणि उशीर मोजायला जागा राहत नाही. तशी ती नसेल, तर देय तारखेपासूनच दिवस मोजले जातात. शाखेतल्या साहेबांनी तोंडी म्हटलेले 'कापूस विकला की भरा' संगणकात कुठेही जात नाही. विदर्भाच्या खेड्यांत अनेक पतनोंदी या तोंडी भरवशातून बिघडतात.

पतनोंद कशी तयार होते

बँका, गृहवित्त कंपन्या आणि बचत गटांना कर्ज देणाऱ्या सूक्ष्मवित्त संस्था आपल्या कर्जदारांची माहिती पतमाहिती कंपन्यांना पाठवतात. पतमाहिती कंपन्या (नियमन) अधिनियम, २००५ खाली देशात अशा चार कंपन्या आहेत : ट्रान्सयुनियन सिबिल, इक्विफॅक्स, एक्सपेरियन आणि क्रिफ हाय मार्क. सिबिल सर्वांत जुनी, २००० साली स्थापन झालेली. त्यामुळे गावात कुणाचाही पतअहवाल 'सिबिल'च असतो. प्रत्येक कर्जसंस्थेने चारही कंपन्यांचे सदस्य व्हावे, असा आदेश रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०१५ मध्ये दिला. त्यामुळे यवतमाळच्या शाखेत थकलेले कर्ज नागपूरच्या शाखेत दिसते. १ जानेवारी २०२५ पासून ही माहिती दर पंधरवड्याला पाठवणे बंधनकारक झाले. पूर्वी महिनाभराचा अवधी मिळत असे, आता आठ-दहा दिवसांचा उशीरही नोंदीत सापडू शकतो.

अहवालात ३०० ते ९०० दरम्यानचा गुणांक असतो. लोक तेवढाच पाहतात. खरी माहिती त्याखालच्या चौकटींत असते. प्रत्येक खात्यापुढे मागच्या ३६ महिन्यांचे आकडे महिन्यावार मांडलेले असतात. शून्य म्हणजे वेळेवर भरणा आणि ४५ म्हणजे हप्ता पंचेचाळीस दिवस थकीत. पतमाहिती कंपन्यांना ही माहिती किमान सात वर्षे जपून ठेवावी लागते.

घरकर्जाच्या थकबाकीच्या पायऱ्या ठरलेल्या आहेत. ३० दिवसांपर्यंत, ३१ ते ६० आणि ६१ ते ९० अशा तीन टप्प्यांत खाते 'विशेष उल्लेखित' राहते. ९० दिवस उलटले की ते अनुत्पादित, म्हणजेच एनपीए होते. पीककर्जाचा नियम निराळा आहे. सोयाबीन, तूर, धान यांसारख्या अल्प मुदतीच्या पिकांचे कर्ज दोन पीकहंगाम थकल्यावर आणि वर्षाहून अधिक काळ घेणाऱ्या पिकांचे कर्ज एक हंगाम थकल्यावर अनुत्पादित होते. पीककर्जाला दोन हंगामांची मुभा आहे म्हणून घराच्या हप्त्यालाही तशीच असेल, हा समज अनेक घरांना महागात पडला आहे.

हंगामी मिळकत, मासिक हप्ता

पश्चिम विदर्भात सोयाबीनचा पैसा दसरा-दिवाळीच्या सुमारास येतो आणि कापसाचा दिवाळीपासून पुढे वेचणीगणिक. वरुड-मोर्शीच्या संत्रापट्ट्यात अंबिया किंवा मृग, ज्या बहाराचा सौदा झाला त्यावर वर्ष चालते. भंडारा-गोंदियात धान आधारभूत केंद्रावर घातले तरी चुकारा हातात पडायला वेळ लागतो. जून ते सप्टेंबर बियाणे, खत आणि फवारणीत पैसा फक्त जातो. तालुक्याच्या गावातल्या गृहवित्त कंपनीचा हप्ता मात्र दर महिन्याच्या ठरलेल्या तारखेला खात्यातून आपोआप वळता होतो. खात्यात रक्कम नसली की हप्ता 'बाउन्स' होतो, दंड लागतो आणि त्याच दिवशी थकबाकीची मोजणी सुरू होते.

यावर खरा उपाय कर्ज देतानाच करता येतो. इंदिरा आवास योजना आणि सुवर्ण जयंती ग्रामीण गृहवित्त योजनेखालच्या शेतकऱ्यांच्या घरकर्जाचे हप्ते पीकचक्राशी जोडावेत, असे रिझर्व्ह बँकेचे मार्गदर्शन होते. ट्रॅक्टरच्या कर्जाला सहामाही किंवा वार्षिक हप्ते सर्रास मिळतात. गावातल्या घराच्या कर्जाला तीच सोय सरसकट मिळायला हवी होती. ती न मिळाल्यामुळे जुलै-ऑगस्टचे हप्ते दरवर्षी थकतात, दिवाळीनंतर भरले जातात, आणि मूळ रक्कम पूर्ण भरणारा माणूसही कागदोपत्री बेभरवशाचा ठरतो.

सवलतीचे प्रकार

घर बांधून होईपर्यंत फक्त व्याज घेणारी सुरुवातीची सवलत करारातच लिहिलेली असते आणि पतनोंदीला तिचा धोका नसतो.

दुसरी सवलत नैसर्गिक आपत्तीची. रिझर्व्ह बँकेच्या २०१८ च्या निर्देशांनुसार पिकाचे नुकसान ३३ टक्के किंवा अधिक असेल तर पीककर्जाचे पुनर्गठन, म्हणजे फेडीची मुदत नव्याने बांधून देणे, करता येते : नुकसान ३३ ते ५० टक्के असल्यास कमाल दोन वर्षांची मुदत, ५० टक्क्यांवर असल्यास कमाल पाच वर्षांची, आणि दोन्हींत पहिले वर्ष सवलतीचे. पुनर्गठित कर्ज थकीत न धरता चालू देणे मानले जाते. पतमाहितीच्या विहित नमुन्यात 'नैसर्गिक आपत्तीमुळे पुनर्रचित' असा स्वतंत्र शेरा आहे. तो सामान्य पुनर्रचनेच्या शेऱ्याहून वेगळा आहे, म्हणून आपल्या अहवालात नेमका कोणता शेरा पडला ते प्रत्येक कर्जदाराने पाहिले पाहिजे. ही तरतूद शेतीकर्जासाठी आहे, घरकर्जाला ती आपोआप लागत नाही. गावाची पैसेवारी (पीक किती आले याचा सरकारी अंदाज) ५० पैशांच्या आत आली म्हणून घराचा हप्ता थांबवला, असे करणारे थेट थकबाकीत जातात. शिवाय पुनर्गठनाला कर्जदाराची संमती लागते. सही करायला न गेलेल्याचे खाते जुन्याच तारखांवर चालत राहते.

तिसरी महामारीची. रिझर्व्ह बँकेने २७ मार्च २०२० रोजी १ मार्च ते ३१ मे या काळातल्या हप्त्यांना स्थगिती देण्याची मुभा कर्जसंस्थांना दिली आणि पुढे ती ३१ ऑगस्टपर्यंत वाढवली. या स्थगितीमुळे पतइतिहास बिघडू नये, असे स्पष्ट बजावले होते. व्याज मात्र चालूच राहिले. त्यावरील चक्रवाढ आकारू नये, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २३ मार्च २०२१ रोजी दिला. त्याआधी केंद्राने दोन कोटी रुपयांपर्यंतच्या कर्जांसाठी चक्रवाढ आणि सरळ व्याजातला फरक परत केला. त्यात घरकर्ज होते, पीककर्ज आणि ट्रॅक्टरकर्ज नव्हते.

चौथा प्रकार सर्वांत फसवा. आजारपण, लग्न किंवा नापिकीमुळे अडचण आली म्हणून बँकेने एकट्या कर्जदाराच्या अटी शिथिल केल्या, तर रिझर्व्ह बँकेच्या ७ जून २०१९ च्या चौकटीनुसार ती पुनर्रचना ठरते आणि तोवर नियमित असलेले खातेही अनुत्पादित वर्गात जाते. म्हणून 'सहा महिने थांबवून देतो' असे कुणी म्हटले, तर अहवालात काय शेरा जाईल, हे आधी लेखी विचारावे.

पतनोंद साफ राहिली तरी सवलत फुकट नसते. आठ लाखांचे घरकर्ज, ९ टक्के व्याज, १५ वर्षांची मुदत धरली तर हप्ता ८,११४ रुपयांच्या आसपास येतो. सुरुवातीलाच तीन महिने हप्ता थांबवून व्याज मुद्दलात मिळवले, तर त्याच हप्त्याने कर्ज फेडायला १८० ऐवजी सुमारे १८९ हप्ते लागतात. तीन हप्त्यांच्या सवलतीची किंमत नऊ जादा हप्ते. कर्ज संपत आले असताना हीच सवलत पुष्कळ स्वस्त पडते.

एका खात्याची झळ दुसऱ्याला

अनुत्पादित वर्गवारी खात्यानुसार नसते, कर्जदारानुसार असते. एकाच बँकेत पीककर्ज आणि घरकर्ज दोन्ही असतील आणि पीककर्ज अनुत्पादित झाले, तर वेळेवर भरले जाणारे घरकर्जही त्याच वर्गात ओढले जाते. परतीची वाट अवघड आहे. १२ नोव्हेंबर २०२१ च्या परिपत्रकाने स्पष्ट केले की मुद्दल आणि व्याजाची सगळी थकबाकी भरल्याशिवाय खाते पुन्हा नियमित होत नाही. एक-दोन हप्ते भरून साहेबांची समजूत काढता येते, वर्गवारी बदलता येत नाही.

मार्चअखेर 'नवे-जुने' करण्याची रीत यातूनच टिकून आहे. जुने पीककर्ज व्याजासह भरायचे आणि काही दिवसांत नवे उचलायचे. वेळेत भरले तर केंद्राची व्याजसवलत आणि राज्याची डॉ. पंजाबराव देशमुख योजना मिळून तीन लाखांपर्यंतचे पीककर्ज बिनव्याजी पडते. भरण्यापुरती रक्कम अनेक जण हातउसनी किंवा सावकाराकडून घेतात. सावकाराचे कर्ज पतअहवालात दिसत नाही, म्हणून अहवाल स्वच्छ आणि घर कर्जात बुडालेले, असेही असते. सेवा सहकारी सोसायटीच्या सभासदाच्या बाबतीत आजही गटसचिवाचे खातेपुस्तक आणि 'नो ड्यूज' दाखलाच अधिक बोलतो.

दुसऱ्याच्या ज्या कर्जाला जामीन राहिलो, ते जामीनदाराच्या अहवालातही उमटते. शेजाऱ्यासाठी सोसायटीच्या ओट्यावर केलेली सही पुढे मुलाच्या शैक्षणिक कर्जात आडवी येते, हे सही करताना कुणी सांगत नाही. सांगायला हवे.

कर्जमाफी, तडजोड आणि कोरा सातबारा

जुलै २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा, वाशीम आणि वर्धा या सहा जिल्ह्यांसाठी पॅकेज जाहीर केले. त्यात थकीत व्याज माफ करून मुद्दलाची नव्याने मुदत बांधून देण्यात आली, जेणेकरून शेतकरी पुन्हा कर्जास पात्र ठरावा. त्यानंतर २००८ ची केंद्रीय माफी, २०१७ ची दीड लाखापर्यंतची छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजना आणि २०१९ ची दोन लाखांपर्यंतची महात्मा जोतिराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजना आली. ऑक्टोबर २०२५ मध्ये बच्चू कडू यांच्या नेतृत्वाखाली नागपुरात आंदोलन झाले आणि सरकारने निर्णयासाठी ३० जून २०२६ ही मुदत जाहीर केली.

माफीची मागणी न्याय्य आहे. कापसाचा भाव, पाऊस आणि उत्पादनखर्च शेतकऱ्याच्या हातात नाहीत. पण घोषणा आणि खात्यात जमा यांच्यामधल्या काळात पतनोंद थांबत नाही. माफीच्या आशेने हप्ता थांबवलेल्याचे दिवस इतरांसारखेच मोजले जातात. २०१९ च्या योजनेत आधार प्रमाणीकरण आवश्यक होते, ते न झालेल्यांचे खाते थकीतच राहिले. सातबाऱ्याच्या 'इतर हक्क' रकान्यातला बोजा फेरफाराने उतरला, सातबारा कोरा झाला, तरी जुन्या महिन्यांची चौकट कोरी होत नाही.

एकरकमी तडजोडीत, म्हणजे ओटीएसमध्ये, बँक काही रक्कम सोडते आणि वसुलीचा तगादा थांबतो. अहवालात मात्र खाते 'बंद' न होता 'सेटल्ड' होते. नवी बँक त्याचा अर्थ अपुरी परतफेड असाच घेते. पुढे घरकर्ज काढायचे असेल तर सोडलेली रक्कम भरून 'बंद' हा शेरा आणि बेबाकी (नो ड्यूज) दाखला मिळवणे जास्त फायद्याचे.

जमीन, घर आणि वारस

थकलेल्या कर्जाचे तारण बँकेला ताब्यात घेऊ देणारा सरफेसी कायदा, २००२ शेतजमिनीवरील तारणाला लागू नाही. गावठाणातले किंवा अकृषक प्लॉटवरचे घर तारण असेल, तर ६० दिवसांच्या नोटिशीनंतर बँक कोर्टात न जाता ताब्याची कारवाई करू शकते. म्हणून पैसा अपुरा असताना आधी काय भरायचे याचा निर्णय करताना घराच्या हप्त्याला वरचा क्रम द्यावा लागतो.

कर्जदाराचा मृत्यू झाल्यास त्याचे कर्ज वारसाच्या पतअहवालावर चढत नाही, मात्र वारस सहकर्जदार किंवा जामीनदार नसावा. वारसाची जबाबदारी मिळालेल्या मालमत्तेपुरती असते. जमिनीवरचा बोजा जमिनीबरोबर येतो. शेतकरी आत्महत्या झालेल्या घरातल्या बाईला 'तुमचे सिबिल खराब झाले' असे सांगून नव्या कागदावर सही मागितली, तर तिने ती करण्याआधी स्वतःच्या नावाचा अहवाल काढून पाहावा. त्या सहीने आजवर तिचे नसलेले कर्ज तिचे होऊ शकते.

किमान गुणांक आणि नोंदीची दुरुस्ती

कर्जासाठी किमान किती गुणांक हवा, हे रिझर्व्ह बँकेने ठरवलेले नाही. पतइतिहासच नाही एवढ्याच कारणाने पहिल्यांदा कर्ज मागणाऱ्याला नाकारू नये, असेही तिचे म्हणणे आहे. २०२५ च्या खरिपाआधी मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी राज्यस्तरीय बँकर्स समितीच्या बैठकीत पीककर्जासाठी सिबिलचा आग्रह धरू नका, असे बँकांना बजावले. हे पीककर्जापुरते आहे. घरकर्ज देणारी संस्था गुणांक पाहते आणि पाहणारच.

चारही कंपन्यांकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल मोफत मिळतो. त्यात दुसऱ्याचे कर्ज, फिटलेले पण चालू दाखवलेले खाते किंवा आपत्तीऐवजी साध्या पुनर्रचनेचा शेरा दिसला, तर बँकेकडे किंवा पतमाहिती कंपनीकडे लेखी तक्रार करता येते. तक्रार ३० दिवसांत निकाली निघाली नाही तर त्यापुढे दर दिवसाला १०० रुपये भरपाई देणे २६ एप्रिल २०२४ पासून बंधनकारक आहे. पतमाहिती कंपन्या १ सप्टेंबर २०२२ पासून रिझर्व्ह बँकेच्या लोकपाल योजनेत आल्या आहेत, आणि तिथे तक्रारीला शुल्क नाही. तक्रारीसोबत पुनर्गठनाचे मंजुरीपत्र, भरण्याच्या पावत्या आणि खातेउतारा लागतो. पुनर्गठनाच्या वेळी मंजुरीपत्राची शिक्का मारलेली प्रत मागून घेतलेली असेल तरच हे सारे जुळते. कर्ज पूर्ण फिटल्यावर ३० दिवसांत मूळ कागदपत्रे परत करणे बँकेवर बंधनकारक असून उशिराला दर दिवशी ५,००० रुपये भरपाई आहे. तलाठ्याकडे बोजा कमी करण्याचा अर्ज याच वेळी बेबाकी दाखल्यासह द्यायचा असतो.