चार हजार डॉलरांचा अल्बम : ‘रेड हेडेड स्ट्रेंजर’ची पार्श्वभूमी

मे १९७५मध्ये कोलंबिया रेकॉर्ड्सने विली नेल्सन या अमेरिकी गायकाचा ‘रेड हेडेड स्ट्रेंजर’ बाजारात आणला, तेव्हा कंपनीतल्याच जाणत्या लोकांना हा अल्बम अर्धवट वाटत होता. गिटार, पियानो, माउथ ऑर्गन, बास, अधूनमधून ड्रम, आणि या सगळ्यांच्या मध्ये भरपूर मोकळी जागा. व्हायोलिनांचा ताफा नाही की मागे गाणारा कोरस नाही. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात या अल्बममधले एक गाणे बिलबोर्ड या संगीत नियतकालिकाच्या कंट्री, म्हणजे अमेरिकी ग्रामीण ढंगाच्या गाण्यांच्या, यादीत पहिल्या क्रमांकावर पोहोचले. त्या मोकळ्या जागेनेच हे गाणे उचलून धरले. ती जागा कशी मिळाली हे कळायला मात्र पंधरा-वीस वर्षे मागे, कंट्री संगीताची राजधानी मानल्या जाणाऱ्या नॅशव्हिलला जावे लागते.

१९५०च्या दशकाच्या उत्तरार्धात रॉक अँड रोलने कंट्रीचा तरुण श्रोता पळवला. त्यावर नॅशव्हिलमध्ये आरसीए कंपनीचा चेट ॲटकिन्स आणि डेक्का कंपनीचा ओवेन ब्रॅडली या निर्मात्यांनी एक तोडगा काढला. फिडल आणि स्टील गिटार ही खेड्याची ओळख सांगणारी वाद्ये मागे सारायची, त्यांच्या जागी व्हायोलिनांचा गुळगुळीत पडदा आणि कोरस आणायचा, म्हणजे शहरातली रेडिओ केंद्रेही गाणी वाजवतील. हाच ‘नॅशव्हिल साउंड’. त्याने धंदा वाचवला आणि काही अप्रतिम गाणीही दिली, हे मान्य करायलाच हवे.

कामाची पद्धत मात्र कारखान्यासारखी होती. तीन तासांचे एक सत्र, त्यात तीन-चार गाणी उरकायची. वादक ठरलेले, गायकाचा स्वतःचा वाद्यवृंद बाहेरच बसायचा. नोटेशन लिहीत बसायला वेळ नसल्यामुळे वादक आकड्यांवर वाजवत. सप्तकातल्या कितव्या स्वरावर कॉर्ड उभी आहे तो आकडा कागदावर लिहायचा. ‘१, ४, ५’ लिहिले की सी पट्टीत सी, एफ, जी. गायक म्हणाला डी पट्टीत घ्या, तर त्याच आकड्यांचे डी, जी, ए होतात. कागद बदलावा लागत नाही. व्हायोलिने बहुतेकदा नंतर, वेगळ्या ट्रॅकवर चढवली जात. गाणी निवडणे, वादक ठरवणे, शेवटचे मिश्रण करणे, सगळे निर्मात्याच्या हातात. गायकाने येऊन गायचे आणि जायचे.

नेल्सन या साच्यात बसणारा नव्हता. टेक्ससमधल्या ॲबट गावी १९३३मध्ये जन्मलेला हा माणूस १९६०मध्ये नॅशव्हिलला आला, तो गीतकार म्हणून. त्याआधी पोटासाठी त्याने ‘फॅमिली बायबल’ हे गाणे ५० डॉलरला आणि ‘नाइट लाइफ’ १५० डॉलरला विकून टाकले होते. १९६१मध्ये पॅट्सी क्लाइनने त्याचे ‘क्रेझी’ आणि फॅरन यंगने ‘हॅलो वॉल्स’ गाऊन गाजवले. स्वतः गायचा तेव्हा मात्र गाडी अडायची. आरसीएत त्याचे डझनभर अल्बम निघाले, पण गायक म्हणून तो मोठा झाला नाही.

याचे कारण त्याच्या गाण्याच्या ढंगातच होते. नेल्सन ठेक्यावर बसून गात नाही. ओळ किंचित उशिरा उचलतो, मध्येच रेंगाळतो, आणि शेवटी दोन शब्द घाईने टाकून बरोबर जागेवर येतो. ठुमरी ऐकणाऱ्याला यात काही चुकीचे वाटणार नाही. पण मागे व्हायोलिनांचा आणि कोरसचा आराखडा मात्रेमात्रेला पक्का बांधलेला असेल, तर असा आवाज ‘लय सोडतोय’ असेच ऐकू येते. वाद्ये गायकाला ऐकून वाजत असतील तरच ही गायकी खुलते. आरसीएतल्या अनेक ध्वनिमुद्रणांत नेमके तेच होत नाही; आवाज एका बाजूला, वाद्यमेळ दुसऱ्या बाजूला.

नॅशव्हिलजवळच्या घराला आग लागल्यावर नेल्सन टेक्ससला परतला आणि १९७२मध्ये ऑस्टिनला राहू लागला. तिथल्या ‘आर्माडिलो वर्ल्ड हेडक्वार्टर्स’ या सभागृहात लांब केसांची हिप्पी पोरे आणि काउबॉय हॅटवाले एकाच गर्दीत उभे राहत. तिथे त्याच्यामागे रोजचे साथीदार होते : पियानोवर बहीण बॉबी, ड्रमवर पॉल इंग्लिश, बासवर बी स्पिअर्स, माउथ ऑर्गनवर मिकी राफेल. हे लोक त्याच्या श्वासावर वाजवत. अटलांटिक कंपनीने त्याचे ‘शॉटगन विली’ (१९७३) आणि ‘फेझेस अँड स्टेजेस’ (१९७४) हे दोन अल्बम काढले आणि मग आपला कंट्री विभागच बंद केला. कोलंबियाशी करार झाला तो यानंतर. व्यवस्थापक नील रेशनने त्यात एक कलम घालून घेतले : अल्बममध्ये काय असेल आणि ते कसे वाजेल, याचा निर्णय नेल्सनचा. पुढचे सगळे या एका कलमावर उभे आहे.

अल्बमचे बीज एका जुन्या गाण्यात होते. एडिथ लिंडमन आणि कार्ल स्टट्झ यांचे ‘टेल ऑफ द रेड हेडेड स्ट्रेंजर’ हे कथागीत नेल्सन फोर्ट वर्थला रेडिओवर निवेदक असताना लावायचा, आणि घरी मुलांना झोपवतानाही गायचा. लाल केसांचा एक परका घोडेस्वार गावात येतो. मेलेल्या प्रियेचे तट्टू त्याच्यासोबत आहे. त्या तट्टाला हात लावणाऱ्या बाईला तो गोळी घालतो. कोलोरॅडोहून गाडीने परत येताना पत्नी कॉनीने सुचवले की नव्या अल्बमसाठी हीच गोष्ट घे. नेल्सनने मग विचारले, हा माणूस असा झाला कसा? त्याने आधीची कथा रचली. हा एक धर्मोपदेशक. बायको जुन्या प्रियकराकडे गेली, त्याने दोघांना मारले, आणि आता तो भटकतो आहे. ‘टाइम ऑफ द प्रीचर’ हे त्याने स्वतः लिहिलेले गाणे पालुपदासारखे पुन्हा पुन्हा येते आणि तुकडे बांधून ठेवते. बाकीची बरीच गाणी उसनी : जुना कंट्री गायक एडी आर्नल्ड याच्या काळातले एक, ‘जस्ट ॲज आय ॲम’ ही चर्चमधली प्रार्थना, हुव्हेंतिनो रोसास या मेक्सिकन संगीतकाराचा वॉल्ट्झ. जुनी गाणी नव्या गोष्टीत ओवली की त्यांचा अर्थ बदलतो. एरवी साधे विरहगीत असलेले गाणे इथे खुनी माणसाच्या तोंडी येते, आणि ऐकणारा दचकतो.

ध्वनिमुद्रण जानेवारी १९७५मध्ये डॅलसजवळच्या गार्लंड गावात, ‘ऑटम साउंड’ या नव्या स्टुडिओत झाले. आठवड्याच्या आत काम संपले आणि खर्च आला सुमारे ४,००० डॉलर. ध्वनिमुद्रक फिल यॉर्कने सवयीप्रमाणे इक्वलायझर लावून, म्हणजे खालच्या-वरच्या पट्ट्या कमी-जास्त करून, आवाज चकचकीत केला होता. नेल्सनने ऐकले आणि ते सगळे काढायला सांगितले. खोलीत जसे वाजले तसेच टेपवर हवे होते.

हा नाद समजायचा तर त्याची गिटार जवळून पाहायला हवी. ‘ट्रिगर’ म्हणजे मार्टिन कंपनीची एन-२०, नायलॉनच्या तारांची, शास्त्रीय पद्धतीची गिटार. १९६९मध्ये त्याच्या बाल्डविन गिटारवर एका दारुड्याचा पाय पडून ती मोडली, तेव्हा नॅशव्हिलचा कारागीर शॉट जॅक्सन याच्याकडून त्याने ही ७५० डॉलरला, न पाहताच घेतली. अडचण अशी की इलेक्ट्रिक गिटारचा नेहमीचा चुंबकीय पिकअप, म्हणजे आवाज टिपणारा भाग, लोखंडी तारांचेच कंपन पकडतो; नायलॉनला चुंबक ओळखत नाही. म्हणून जॅक्सनने बाल्डविनमधला प्रिझमाटोन पिकअप काढून मार्टिनच्या ब्रिजखाली, म्हणजे तारा टेकतात त्या आधाराखाली, बसवला. हा तारेचा दाब आणि थरथर विजेत बदलतो, त्यामुळे नायलॉनची गोलाई राखूनही गिटार ॲम्प्लिफायरवर मोठी करता येते. दुसरी अडचण आजही डोळ्यांना दिसते. ही गिटार बोटांनी वाजवण्यासाठी बनवलेली, म्हणून तिच्या अंगावर संरक्षक पट्टी नाही. नेल्सन पिकने, म्हणजे तारा छेडायच्या छोट्या चकतीने, वाजवतो. वर्षानुवर्षे घासून स्प्रूस लाकडाच्या पातळ फळीला नादछिद्राखाली दुसरे भोक पडले आहे.

तयार टेप कोलंबियाकडे गेली आणि धुसफूस सुरू झाली. कंपनीच्या नॅशव्हिल शाखेचा बिली शेरिल हा भरगच्च वाद्यमेळाचा उस्ताद. त्याला हे कच्चे वाटले. न्यू यॉर्कमध्ये कंपनीचा अधिकारी ब्रूस लुंडव्हॉल यालाही वाटले की यावर वाद्ये चढवायची राहिली आहेत. तिथे नेल्सनचा मित्र, गायक वेलन जेनिंग्ज हजर होता आणि तो लुंडव्हॉलवर चांगलाच भडकला. संताप खरा होता, पण निकाल कराराने लावला. कलम स्पष्ट होते, त्यामुळे अल्बम आहे तसा काढण्यावाचून कंपनीपुढे मार्ग नव्हता.

रेडिओसाठी निवडले गेले ‘ब्लू आइज क्राइंग इन द रेन’. फ्रेड रोज या गीतकाराचे हे गाणे रॉय एकफने १९४०च्या दशकातच गायले होते. म्हणजे गाणे चांगले तीन दशके जुने. १९७५च्या कंट्री रेडिओवर एकामागून एक भरलेली, जड गाणी लागत. त्यांच्यामध्ये अचानक एक सुका आवाज, नायलॉनची तार आणि थोडासा बास. माझ्या मते इथेच बाजी उलटली. शांतता रेडिओवर ठळक ऐकू येते. नेल्सनचे हे गायक म्हणून पहिले अव्वल गाणे, वय ४२. पॉपच्या हॉट १०० यादीतही ते २१व्या क्रमांकापर्यंत गेले, आणि १९७६मध्ये त्याला सर्वोत्तम कंट्री पुरुष गायकाचे ग्रॅमी मिळाले. अल्बम कंट्री यादीत पहिला आला, १९७६मध्ये गोल्ड ठरला, आणि १९८६पर्यंत अमेरिकेत दुप्पट प्लॅटिनम, म्हणजे वीस लाख प्रतींच्या मानांकनापर्यंत पोहोचला. २००९च्या यादीत लायब्ररी ऑफ काँग्रेसने तो राष्ट्रीय ध्वनिमुद्रण संग्रहात घेतला.

यशाची चाहूल लागताच प्रतिस्पर्धी आरसीएने हालचाल केली. आपल्याकडच्या जुन्या टेप काढून, नेल्सन, जेनिंग्ज, जेसी कोल्टर आणि टॉमपॉल ग्लेझर यांची गाणी जुळवून जानेवारी १९७६मध्ये ‘वाँटेड! द आउटलॉज’ काढला. प्लॅटिनम मानांकन मिळालेला हा पहिला कंट्री अल्बम. ‘आउटलॉ’, म्हणजे कायदा झुगारणारा, हे या गायकांचे नाव त्यानंतर घरोघरी गेले. नावात बंडखोरी असली, तरी भांडण बंदुकीचे नव्हते. वादक कोण आणि मिश्रण कोणाच्या कानाने होणार, एवढ्यापुरते होते.

दोनच वर्षांनी नेल्सनने कंपनीला सांगितले की आता तीसच्या-चाळीसच्या दशकांतली जुनी पॉप गाणी करायची आहेत, निर्माता बुकर टी. जोन्स. कंट्री गायकाने हे करू नये, असे कोलंबियात पुन्हा अनेकांना वाटले. कलम अजून तेच होते. ‘स्टारडस्ट’ एप्रिल १९७८मध्ये आला, आणि कंट्री यादीत तो दहा वर्षे टिकला.