लाईट गेली की कार्डाचा दरवाजा जाम होतो?

सोसायटीच्या ग्रुपवर अधूनमधून फिरणारा मेसेज: "वीज गेली की कार्डाने उघडणारे दरवाजे लॉक होतात, माणसं आत अडकतात." भीती रास्त आहे, पण कुलूप चालतं वेगळ्या पद्धतीने.

काचेच्या दरवाजावर वरच्या बाजूला लांबट धातूची पट्टी दिसते ना? ते विद्युतचुंबक. साधारण १२ किंवा २४ व्होल्टवर चालतं आणि वीज असेपर्यंतच दरवाजा धरून ठेवतं. वीज तुटली की चुंबकत्व संपलं, दरवाजा मोकळा. म्हणजे मेसेजच्या बरोबर उलट!

मग लाईट गेल्यावरही दरवाजा बंद का राहतो? कारण सिस्टीमला बॅटरी जोडलेली असते. गैरसमज बहुधा इथूनच आला असावा.

दुसऱ्या प्रकारचं कुलूप चौकटीत बसवतात. ते वीज गेल्यावर बाहेरून बंदच राहील असं निवडता येतं, सर्व्हर रूमला तेच लावतात. नीट बसवलं असेल तर आतून साधं हँडल फिरवलं की दरवाजा उघडतो.

खात्री करायची तर टेक्निशियनला बोलावून मेन आणि बॅटरी दोन्ही बंद करायला सांगा, आणि आतून दरवाजा उघडून बघा. शेजारचा हिरवा आपत्कालीन डबाही दाबून बघा. त्याने कुलपाची वीज थेट तुटायला हवी. नुसता कंट्रोलरला (कार्ड तपासून कुलूप उघडणाऱ्या यंत्राला) सिग्नल जात असेल, तर वायरिंग बदलून घ्या.