मिस्त्रासचे अवशेष आणि पाहुण्याचं गूळपाणी

ग्रीक घरात पाहुणा टेकला की जुन्या रीतीप्रमाणे त्याच्यापुढे एक छोटी बशी येते. बशीत साखरेच्या पाकात मुरवलेलं चमचाभर फळ, सोबत गार पाण्याचा पेला. फळ म्हणजे कडू संत्र्याची साल, चेरी, द्राक्षं, अगदी कोवळे हिरवे अक्रोडसुद्धा. याला ‘ग्लिको तू कुतालियू’ म्हणतात, म्हणजे चमच्याचं गोड. उन्हातून आलेल्याच्या हातावर गुळाचा खडा ठेवून पाणी देण्याची आपली रीत आठवावी, इतकं साम्य. फक्त गुळाच्या जागी मोरावळ्याचा भाऊबंद.

हे आतिथ्य आलं कुठून, असं विचारलं की पर्यटनाची पत्रकं थेट प्राचीन ग्रीकांच्या देवराजाचं, झ्यूसचं नाव घेतात. ते खोटं नाही. ‘क्सेनोस’ या ग्रीक शब्दाचा अर्थ परका आणि पाहुणा असा दुहेरी आहे, आणि परक्यांचा पाठीराखा म्हणून झ्यूसला ‘क्सेनिओस’ म्हणत. होमरच्या काव्यात आलेल्याला आधी जेवू घालतात, नाव-गाव नंतर विचारतात. पण होमरवरून उडी मारून थेट आजच्या खानावळीत उतरलं, की मधली बायझंटाइन हजार वर्षं, म्हणजे कॉन्स्टँटिनोपल (आजचं इस्तंबूल) राजधानी असलेल्या पूर्व रोमन साम्राज्याचा काळ, गळतात. आतिथ्याला संस्थेचं रूप आलं ते तर त्याच काळात. दक्षिण ग्रीसमधल्या मिस्त्रास या ओस पडलेल्या शहराचे अवशेषही त्याच काळाचे.

चौथ्या शतकात रोमन सम्राट ज्युलियनला जुन्या देवांची पूजा परत आणायची होती. त्याच्या नावावर असलेल्या एका पत्रात तो गलातिया प्रांतातल्या (आजच्या तुर्कस्तानात) मुख्य पुजाऱ्याला बजावतो, की ख्रिस्ती लोक परक्यांची सेवा करून लोकांना आपलंसं करताहेत; तुम्हीही गावोगावी धर्मशाळा काढा. दाखला देतो तो होमरचाच : परके आणि भिकारी झ्यूसकडूनच येतात. ज्युलियनचा बेत फसला, धर्मशाळा मात्र वाढल्या. त्याच्यानंतर थोड्याच वर्षांत बिशप बेसिलने त्याच भागातल्या कैसारिया शहराबाहेर वाटसरू, गरीब आणि आजारी यांच्यासाठी मोठी वसाहत उभारली. ११३६ साली कॉन्स्टँटिनोपलमध्ये पांतोक्रातोर मठाला सम्राटाने नियमावली घालून दिली, तिच्यात पन्नास खाटांच्या रुग्णालयाची तपशीलवार व्यवस्था आहे. अशा धर्मशाळेला ‘क्सेनोदोखेइओन’ म्हणत. आज ग्रीसमध्ये हॉटेलच्या पाटीवर ‘क्सेनोदोखिओ’ वाचताना आपण तोच शब्द वाचत असतो.

मग हा काळ कथेतून गळला कसा? एक तर ‘बायझंटाइन’ हे नावच मागून चिकटवलेलं. ते लोक स्वतःला रोमन म्हणवत. नव्या नावाची सुरुवात हिएरोनिमुस वोल्फ या जर्मन विद्वानाच्या १५५७ च्या ग्रंथापासून मानतात. त्यात एकोणिसाव्या शतकात स्वतंत्र झालेल्या ग्रीसला प्राचीन काळाचं वेड होतं. अथेन्समध्ये कितीतरी मध्ययुगीन चर्चं पाडली गेली. काप्निकारेआ हे देखणं चर्च नव्या रस्त्याच्या आड येत होतं, ते थोडक्यात वाचलं.

दक्षिणेकडच्या मिस्त्रासवर या वेडाचा परिणाम वेगळ्या तऱ्हेने झाला. तायगेतोस पर्वताच्या पायथ्याशी, एका उभ्या टेकडीवर वसलेलं हे शहर. माथ्यावर किल्ला, खाली राजवाडा, उतारावर चर्चं आणि छपरं उडालेली घरं. १२०४ मध्ये चौथ्या धर्मयुद्धावर निघालेल्या पश्चिम युरोपातल्या ख्रिस्ती फौजांनी कॉन्स्टँटिनोपल लुटलं आणि साम्राज्याची वाटणी झाली. दक्षिण ग्रीस फ्रेंच सरदारांकडे गेला. त्यांतल्या व्हिलार्दुआँच्या गियोमने १२४९ मध्ये हा किल्ला बांधला, दहा वर्षांनी लढाईत कैद झाला आणि सुटकेच्या बदल्यात तो किल्ला बायझंटाइनांना देऊन बसला. इतक्या हौसेने बांधलेला गड इतक्या लवकर खंडणीत गेल्याचं उदाहरण विरळाच.

पुढे राजधानी क्षीण होत गेली तशी या टेकडीची भरभराट झाली. इथेच प्लेथोन हा तत्त्वज्ञ शिकवत होता. पत्रकांमधल्या त्या झ्यूसला पुन्हा देवांचा प्रमुख करू पाहणारा ग्रंथ त्याने लिहिला, आणि त्याच्या मृत्यूनंतर तो धर्मगुरूंनी जाळला. त्याच्या अस्थी एका इटालियन सरदाराने उचलून रिमिनीला नेल्या. शेवटचा सम्राट अकरावा कॉन्स्टँटाइनही इथलाच अधिपती. ६ जानेवारी १४४९ ला त्याच्या नावाची द्वाही फिरली ती इथे. खालच्या कॅथेड्रलच्या फरशीत दुतोंडी गरुड कोरलेली एक शिळा आहे, तिच्यावर उभं राहून त्याने मुकुट घेतला असं सांगतात. शिळा पाहावी, कथा कथा म्हणून ऐकावी : पॅट्रिआर्कच्या, म्हणजे मुख्य धर्मगुरूच्या हातून त्याचा रीतसर अभिषेक कधी झालाच नाही.

२९ मे १४५३ ला कॉन्स्टँटिनोपल पडलं. बरोबर सात वर्षांनी, त्याच तारखेला, मिस्त्रास तुर्कांच्या हाती गेलं. मग तुर्क, काही वर्षं व्हेनिस, पुन्हा तुर्क. १८२५ मध्ये, ग्रीकांच्या स्वातंत्र्ययुद्धात, तुर्कांच्या बाजूने लढणाऱ्या इब्राहिम पाशाच्या फौजेने शहर जाळलं. आणि १८३४ मध्ये स्वतंत्र ग्रीसचा राजा ओथो याच्या सरकारने खाली सपाटीवर, प्राचीन नाव घेऊन, नवी स्पार्टा आखली. टेकडीवरचे लोक हळूहळू तिकडे उतरले. १९८९ मध्ये युनेस्कोने यादीत घेतलं, ते या रिकाम्या घरांना.

सगळीच रिकामी नाहीत. १४२८ मध्ये उभ्या राहिलेल्या पांतानासा मठात अजून नन राहतात. अंगणात कुंड्या आणि मांजरं, भिंतींवर पंधराव्या शतकातली चित्रं, विकायला स्वतः केलेलं भरतकाम. अंगभर कपडे घालून जावं. ग्रीक मठांमध्ये पाहुण्यांसाठी ‘आर्खोंदारिकी’ नावाची बैठकीची खोली असते, आणि पुष्कळ ठिकाणी तिथे आजही पाणी, कॉफी आणि पिठीसाखरेत घोळलेली लुकुमी नावाची मऊ मिठाई पुढे येते. अशा बैठकीत भिंतीवर नजर टाकली तर एक ओळखीचं चित्र दिसायची शक्यता असते : झाडाखाली मेज, पंख असलेले तीन वाटसरू, आणि त्यांना वाढणारे बायबलमधले अब्राहाम व त्याची बायको सारा. त्या चित्राचं ग्रीक नाव आहे, अब्राहामची फिलोक्सेनिया, म्हणजे ‘क्सेनोस’वरचं प्रेम, आतिथ्य.