निवळण्याकडून गाळण्याकडे : एमबीआरची पार्श्वभूमी

१२ एप्रिल २०१६ ला मिरजेहून लातूरला पाण्याची पहिली गाडी आली, तेव्हा दहा वाघिणींत मिळून पाच लाख लिटर पाणी होतं. सांडपाण्याचं गणित मांडताना पुरवठ्याच्या ८० टक्के पाणी गटारात येतं असं धरतात, म्हणजे ते साफ केलं तर पुन्हा वापरता येतं. मराठवाड्यात एमबीआरचा, म्हणजे मेम्ब्रेन बायोरिअ‍ॅक्टरचा विषय निघतो तो या हिशेबापायी. सांडपाणी जिवाणूंकडून साफ करून घेऊन बारीक पडद्यातून गाळायचं हे तंत्र मात्र टंचाईतून जन्मलेलं नाही.

१९१४ मध्ये मँचेस्टरच्या अर्डर्न आणि लॉकेट यांनी मैलापाण्यात हवा सोडली आणि तळाशी बसलेला जिवाणूंचा गाळ फेकून न देता पुन्हा कामाला लावला. आजही बऱ्याच एसटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्धीकरण केंद्रं, याच पद्धतीवर चालतात. दुखणंही तेव्हापासूनचंच : गाळ खाली बसला तरच पाणी नितळ. लिटरमागे तीन-चार ग्रॅमच्या वर गाळ झाला, किंवा तंतूसारखे जिवाणू माजले, की तो बसायचं नाव घेत नाही.

१९६० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या डॉर-ऑलिव्हर कंपनीने निवळटाकीच्या जागी बारीक छिद्रांचा पडदा लावला. कल्पना चोख होती, खर्च परवडेना. पडदा टाकीबाहेर असल्याने तो चोंदू नये म्हणून गाळ पंपाने सतत जोरात फिरवावा लागे. १९८९ मध्ये जपानच्या काझुओ यामामोटो आणि सहकाऱ्यांनी पोकळ तंतूंचा पडदा हवेच्या टाकीतच बुडवला आणि पाणी हलक्या ओढीने बाहेर काढलं. बुडबुड्यांकडूनच पडदा घासून घ्यायची रीत यातून रुळली. माझ्या मते खरा एमबीआर इथे सुरू होतो.

१९९५ मध्ये रॉबर्ट फील्ड आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की ठरावीक वेगापलीकडे पाणी ओढलं की पडदा झपाट्याने बुजतो. टँकरचं पाणी फडक्यातून गाळणाऱ्या आमच्या आज्यांना हे शिकवावं लागलं नसतं. एकदम ओतलं की फडकं तुंबतं. म्हणून शहरी सांडपाण्यासाठी आता पडद्याच्या चौरस मीटरला तासाला साधारण १५ ते २५ लिटरच ओढतात, तेही आठ-दहा मिनिटं ओढ आणि मिनिटभर विसावा असं. गाळ मात्र लिटरला ८ ते १२ ग्रॅम ठेवता येतो, त्यामुळे टाकी लहान होते. त्याहून दाट गाळात हवा नीट विरघळत नाही.

आपल्याकडे बोअरचं पाणी जड. पडद्यावर क्षारांचा थर धरला, तर जैविक चिकटा काढणारं हायपोक्लोराइट तिथे उपयोगी पडत नाही, सायट्रिक अ‍ॅसिड लागतं. लाइटचंही तसंच. हवा सोडणारा ब्लोअर बंद पडला आणि ओढपंप चालूच राहिला, तर पडदा गाळाने माखतो. म्हणून हवा थांबली की पंप आपोआप थांबेल अशी जोडणी लागते.

छिद्रं साधारण ०.०४ ते ०.४ मायक्रॉनची. जिवाणू अडतात, गढूळपणा जवळजवळ उरत नाही, पण विरघळलेले क्षार आरपार जातात. फ्लशला, बागेला ते पाणी चालतं. वाळूजच्या एखाद्या कारखान्यातल्या बॉयलरला द्यायचं, तर पुढे क्षार काढणारा आरओ आलाच.